काळजीनंतरचं कार्ड

आमच्या घरात बिस्किटं असायची आणि पीठ नसायचं. कुमुदताई, हे मी तुम्हाला ओळख झाल्यावर सात महिन्यांनी सांगितलं. त्याआधी तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐटीत म्हणालो होतो, "वडील बेकरी लाइनमध्ये आहेत." तुम्ही मान हलवलीत, पुढं विचारलं नाहीत.

बेकरी लाइनमध्ये, म्हणजे मिरजेत एका बेकरीच्या भट्टीवर कामाला. लाकडाची भट्टी, आतून एका खोलीएवढी. लांब दांड्यानं पावाचे पत्रे आत सारायचे आणि बाहेर ओढायचे, हे त्यांनी बावीस वर्षं केलं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता. फुटके टोस्ट, खारीचा चुरा, करपलेली नानकटाई मालक घरी न्यायला द्यायचा. महिन्याच्या शेवटी आम्ही तिघं भावंडं तो चुरा चहात कालवून जेवण म्हणून खायचो, आणि शेजारची पोरं आमचा हेवा करायची. आई भुशाची शेगडी पेटवायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा आणि मग बाटली अलगद काढायची, हे काम माझं. भुसा ढासळला की पुन्हा पहिल्यापासून.

मी दहावीत असताना वडिलांचा उजवा हात भट्टीच्या तोंडाशी भाजला. बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. बेकरीनं दुसरा माणूस घेतला. आई लोकांकडं पोळ्या लाटायला जायला लागली. मी शाळा सोडतो म्हणालो तर तिनं लाटणं खाली ठेवलं नाही, वरही बघितलं नाही. "तू सोड. मग मी पण सोडते," एवढंच म्हणाली. मी सोडली नाही. डिप्लोमा, मग डिग्री, मग पुण्यात नोकरी, मग इथं अमेरिकेत पिस्कॅटवेला. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला ग्रॅज्युएट मी. हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. तुम्ही म्हणायचात, "सांग रे, जरूर सांग. फक्त दर वेळी दारातूनच सांगत आत येऊ नकोस."

तुमची माझी गाठ पडली ती वाणसामानाच्या दुकानातल्या फळ्यामुळं. 'रूममेट हवा', 'टिफिन मिळेल', 'गाडी विकणे' यांच्या गर्दीत एक छोटं जाड कार्ड, त्यावर सुंदर वळणदार मराठी अक्षर: 'मराठी व कॉम्प्युटर दोन्ही येणारा माणूस पाहिजे. काम किचकट. जेवण मिळेल.' आम्ही चौघं दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि पाळीपाळीनं अंडा करी बिघडवायचो. मी जेवणासाठी आलो, ताई. आता कबूल करायला हरकत नाही.

दार उघडलंत तेव्हा मी म्हणालो, "नमस्कार काकू." तुम्ही मला खालून वर बघितलंत. "काकू म्हणायला मी तुझ्या कुठल्या काकाशी लग्न केलंय?" तेव्हापासून ताई. आणि मी तुमचा 'इंजिनिअरसाहेब'. चिडलात की दत्ता.

तुम्ही सव्वीस वर्षं विद्यापीठाच्या लायब्ररीत बसून रशियन, पोलिश, चेक, बल्गेरियन अशा पुस्तकांच्या नोंदी केल्यात. रशियन पुण्यात शिकला होतात, बाकीच्या भाषा टेबलावर येऊन पडतील तशा. "पुस्तक कशाबद्दल आहे आणि चोरलेलं आहे का, एवढं कळण्यापुरत्या," असं सांगायचात. लायब्ररी कॉम्प्युटरवर गेली तेव्हा नोंदींची लाखो कार्डं रद्दी झाली आणि लाकडी खण मागच्या दाराशी ठेवले गेले. त्यातला एक खण आणि पोतंभर कार्डं तुम्ही घरी आणलीत. कार्डाच्या एका बाजूला कुठल्या तरी पुस्तकाची छापील नोंद, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूंवर तुम्ही एकाच शब्दाबद्दल लिहीत आला होतात. शब्द घरातला, चूल. किंवा भट्टी म्हणा, कारण तिकडची चूल म्हणजे घराच्या मधोमध बांधलेली भट्टीच. रशियनमध्ये पेच, पोलिशमध्ये पिएत्स, चेकमध्ये पेत्स, युक्रेनियनमध्ये पिच, बल्गेरियनमध्ये पेश्त.

मी पहिल्याच दिवशी हुशारी केली. "म्हणजे आपला पेच? पेचात पडणं?"

"तो फारसी. तोंड सारखं दिसलं म्हणून नातं लावायचं नाही." मग पोळीचा तुकडा आमटीत बुडवत तुम्ही म्हणालात, की खरं नातं आहे ते वेगळंच. संस्कृतमधलं पच्, आपलं पचणं, पिकणं, पाक, पक्कं, हे सगळं आणि ती तिकडची भट्टी ही एकाच फार जुन्या घरातली भावंडं. कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. मी घास तोंडात धरून ऐकत होतो. कॉलेजात इतकी वर्षं शिकलो, पण जेवताना असं काही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग सात महिन्यांनी तो फोटो. एका जुन्या पुस्तकात रशियातलं खेड्यातलं घर, मोठी थोरली मातीची चूल, आणि तिच्या सपाट माथ्यावर पाय मुडपून झोपलेला म्हातारा. माझ्या तोंडून निघून गेलं, "माझे वडील असेच झोपायचे." थंडीच्या दिवसांत दुपारची भट्टी निवायला लागली की वडील रिकामी पोती घेऊन तिच्या माथ्यावर चढायचे. डबा द्यायला गेलो की खालून हाक मारायची आणि वरून आधी मुडपलेला पाय दिसायचा. मग सगळंच सांगितलं तुम्हाला. चुरा, भुसा, हात. तुम्ही ऐकता ऐकता एक कार्ड ओढलंत आणि लिहायला लागलात: 'मिरज. भट्टीच्या माथ्यावर झोपतात. सांगणारा दत्ता, भट्टीवाल्याचा मुलगा.'

मी म्हणालो, ताई, ते खोडा.

"का? रशियातला शेतकरी झोपला तर त्याचा फोटो पुस्तकात, आणि तुझा बाप झोपला तर लाज?"

त्या दिवशी मी जेवण अर्धं टाकून उठलो. पुढच्या शनिवारी परत आलो. ताटात श्रीखंड होतं, जे तुम्ही कधीच करायचा नाहीत.

दोन वर्षं शनिवार-रविवार तुमच्याकडं त्या कार्डांचं टायपिंग. रूममेट विचारायचे, "चाललास का ट्यूशनला, यार?" मी हो म्हणायचो. ते ट्यूशनच होतं. एका भट्टीतून किती काय निघतं ते मी बघितलं. रशियन बिस्किट, पेचेन्ये. म्हणजे आमचा चुराही तुमच्या खणात होताच. भट्टीच्या काळ्या तोंडासारखं म्हणून गुहेचं नाव, बल्गेरियन पेश्तेरा. चुलीजवळून न हलणाऱ्या आळशाला चेक लोकांनी दिलेलं नाव, जे तुम्ही माझ्या रूममेट्सना न बघताच लावलंत. आणि मग खणाच्या मागच्या अंगाला ती कार्डं: चेक पेचे, म्हणजे काळजी. पोलिश ओपिएका, सांभाळ. रशियन पेचाल, दुःख.

त्या दुःखावरून आपलं भांडण जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, सरळ आहे की, भट्टी जाळते, दुःख जाळतं. भट्टीतून थेट दुःख. आमच्याकडं म्हणतातच, जीव जळतो. तुम्ही म्हणायचात, जीव जळतो हे मराठीचं. रशियन शब्दाच्या खटल्यात मराठीची साक्ष चालत नाही. मधे काळजी आहे, आधी काळजी आणि मग दुःख. मी म्हणायचो, पुरावा? तुम्ही खणाकडं बोट दाखवायचात. "तीन कार्डं आहेत. वाचायचा कंटाळा असेल तर वाद घालू नये." मला कंटाळा होता आणि वादही घालायचा होता.

एकदाच तुम्ही मला सांगितलंत की हे सगळं कशासाठी. दुसऱ्यांच्या हजारो पुस्तकांना तुम्ही जागा दिलीत, नंबर दिलात. कॅटलॉगमध्ये लेखकाच्या रकान्यात एकदा आपलं नाव पडावं. एकच नोंद. हे म्हणताना तुम्ही माझ्याकडं न बघता भांडी विसळत होतात.

आता ते लिहितो, जे लिहायचं म्हणून हा सगळा लेख.

मागच्या नोव्हेंबरात तुम्ही पोटाच्या तपासण्यांसाठी चार दिवस हॉस्पिटलात गेलात. किल्ली माझ्याकडं होती. टायपिंग निम्म्यावर अडकलं होतं, कारण खणात कार्डं कशीही लावलेली होती: रशियन, मग बल्गेरियन, मग पुन्हा रशियन, मधेच एक सर्बियन. मला वाटलं, आजारी बाईला सरप्राइज देऊ. शनिवार-रविवार बसून मी सगळी कार्डं भाषेप्रमाणे आणि अकारविल्हे लावली. प्रत्येक भाषेला वेगळ्या रंगाचं रबरबँड. आमच्या कामात याला डेटा क्लीन करणं म्हणतात आणि त्याबद्दल शाबासकी मिळते. मी शिट्टी वाजवत केलं ते, ताई.

मंगळवारी तुम्ही आलात. कोटही न काढता खण ओढलात. तुमची बोटं कार्डांवरून चालत गेली, थांबली, परत मागं आली. मग तुम्ही खुर्चीवर बसलात.

"हे कुणी केलं?"

मी अभिमानानं म्हणालो, मी.

तुम्ही एक रबरबँड काढून टेबलावर ठेवलंत. मग अगदी हळू म्हणालात, "भाषेप्रमाणे लावलीस. म्हणजे प्रत्येकाला आपापल्या देशात परत पाठवून दिलंस."

तेव्हा मला कळलं. तुमचं पुस्तक कार्डांवर नव्हतं, कार्डांच्या क्रमात होतं. कुठला अर्थ कुठल्या अर्थाच्या पोटी जन्मला, भट्टीनंतर भाकरी, तोंडानंतर गुहा, कोण कुणामागं उभं, तेच तुमचं म्हणणं. दुसरीकडं कुठंही ते लिहिलेलं नव्हतं, कारण टाइप करतानाही मी प्रत्येक भाषेची वेगळी फाइल केली होती. आणि मी काय बोललो? माझं चुकलं असं म्हणालो नाही. "नंबर का टाकले नाहीत कार्डांवर?" असं विचारलं.

"नंबर टाकला की नवीन आलेल्याला मधे जागा राहत नाही."

"डेटा गेलेला नाही, ताई. फक्त ऑर्डर गेलीय."

"ऑर्डर म्हणजेच पुस्तक होतं, दत्ता."

मी जॅकेट उचललं आणि निघालो. अकरा दिवस आलो नाही. मी माझ्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, मला कुणी चूक दाखवलेली चालत नव्हती. बाराव्या दिवशी ऑफिसात क्रिस्तिनाबाईंचा फोन आला. लायब्ररीत तुमच्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेल्या, पोलंडच्या. त्यांनी आधी विचारलं, तूच का तो कार्डं लावणारा मुलगा. मग सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, आणि डॉक्टर आता काही महिन्यांचीच भाषा बोलताहेत. आमच्या ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये मी गाडी सुरू करून बसलो आणि कितीतरी वेळ निघालोच नाही.

त्या संध्याकाळी मी आलो तेव्हा तुम्ही आजाराबद्दल चकार शब्द काढला नाहीत. बाहेरच्या खोलीत पलंग आणून घेतला होतात, खण उशाशी. म्हणालात, रशियन लोक कुठं अडखळले की म्हणतात, चुलीपासून नाचायला लागा. म्हणजे पहिल्या पावलापासून. "चल. चुलीपासून."

तीन महिने मी रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट तुमच्याकडं. मी कार्ड वाचायचो, तुम्ही डोळे मिटून जागा सांगायचात. काही पटकन आठवायची. काहींना तुम्ही विचारायचात, "त्याच्या पाठीवर कुठलं पुस्तक आहे?" मी उलटं करून बघायचो. मधमाश्या पाळायचं पुस्तक. "मग ते गुहेच्या आधी. मधमाश्या आणि गुहा एकाच आठवड्यात लिहिली मी, बर्फ पडत होता." लिहिलेल्या बाजूपेक्षा रद्दी झालेली बाजू तुम्हाला जास्त पाठ होती. तुम्ही नोंदवलेलं एकही पुस्तक तुम्ही विसरला नव्हतात.

आणि जिथं तेही चालायचं नाही, तिथं म्हणायचात, "कार्डालाच विचार, तुझी आई कोण."

मी दिवसातून चार वेळा फोन करायचो. खाल्लंत का. गोळी घेतलीत का. हीटर नीट चालतोय का. क्रिस्तिनाबाई आल्या का. मीटिंगमधून उठून बाहेर जायचो त्यासाठी. मॅनेजरनं एकदा विचारलं, आई आजारी आहे का? मी हो म्हणालो. एकदा तुम्ही फोनवर वैतागलात. "इंजिनिअरसाहेब, मी मेले की कळवीन. काम करा." मी हसलो आणि दोन तासांनी परत फोन केला.

माफी मागायची होती. जानेवारीत एका संध्याकाळी मी कार्ड खाली ठेवलं आणि म्हणालो, ताई, त्या दिवशी मी जे केलं ना. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "पुढचं वाच." मी पुढचं वाचलं. मला बरं वाटलं की बोलावं लागलं नाही. आज त्याचीच लाज वाटते. तुम्हाला ऐकायचं नव्हतं की मला अवघड जाऊ नये म्हणून थांबवलंत, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही.

पेचालचं कार्ड मी रोज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचो. आधी वाटायचं, त्यावर वाद होईल, तुम्ही दमाल. नंतर नंतर ते वाचून दाखवायचाच धीर झाला नाही. तुमच्या लक्षात आलं असणार. तुमच्या लक्षात काय येत नव्हतं?

फेब्रुवारीत एका गुरुवारी सकाळी मी स्टँड-अप मीटिंगमध्ये काल काय केलं ते सांगत होतो. फोन वाजला तो क्रिस्तिनाबाईंचा होता आणि त्या काही बोलायच्या आधीच मला कळलं. तीनशे सत्त्याण्णवपैकी दोनशे अडुसष्ट कार्डं लागली होती.

तुमच्या भाच्याचा नाशिकहून फोन आला. भला माणूस. म्हणाला, फर्निचर कुणाला तरी देऊन टाका, कागद असतील ते रिसायकलिंगला. मी म्हणालो, कागद माझ्याकडं राहतील. तो म्हणाला, ठीक आहे, काय विशेष आहे का त्यात? मी म्हणालो, पुस्तक आहे, लागलं की पाठवतो.

उरलेली एकशे एकोणतीस कार्डं माझ्या अपार्टमेंटच्या कार्पेटवर पसरली. रूममेट आठवडाभर भिंतीला घासून चालले. एकानंही कुरकुर केली नाही. उलट एक जण येता-जाता कार्ड उचलून विचारायचा, "ह्याची आई सापडली का रे?" शनिवारी क्रिस्तिनाबाई यायच्या. त्यांच्या लहानपणीच्या चुलीत काय काय भाजायचे, चुलीच्या कुठल्या कडेला पिल्लं ऊब घ्यायला ठेवायचे, हे त्या सांगायच्या आणि त्यातून एखादं कार्ड आपसूक जागेवर जायचं. तुमच्यासाठी त्या एकदाच रडल्या, तुमच्या अक्षरातल्या पोलिश शब्दाच्या डोक्यावर एक आडवी रेघ जास्त निघाली तेव्हा. मराठी शिरोरेघ, पोलिश शब्दावर. वीस वर्षं शिकवूनही गेली नाही सवय, म्हणाल्या.

पेचाल शेवटी उरलं. मी ते माझ्या मताप्रमाणे भट्टीच्या लगेच मागं ठेवलं. तुम्ही नव्हतात, खोडून काढायला कुणी नव्हतं. जिंकलोच की. मग ती तीन कार्डं काढली, जी वाचायचा मी दोन वर्षं कंटाळा केला. तुम्ही लिहिलं होतंत की जुन्या धर्मग्रंथांत पेचाल हा शब्द दुःख म्हणून येतो तसाच काळजी म्हणूनही येतो. कित्येक ठिकाणी दोन्हींतलं काय घ्यावं हे सांगता येत नाही. मधली पायरी तिथं उघडी दिसते. तिसऱ्या कार्डाच्या खाली बारीक अक्षरात: 'दत्ताला पटणार नाही. पटेल तेव्हा पटेल.'

मला पटायला त्या तिन्ही कार्डांवरचं वाचावं लागलंच नसतं खरं तर. तुम्ही गेल्यावर तीन आठवडे अकरा वाजले की माझा हात फोनकडं जायचा. गोळीची वेळ. हात फोनवर, आणि करायचा कुणाला? ते जे त्या वेळी छातीत व्हायचं, ते जळणं नव्हतं. ती तीच काळजी होती, रोजची, सवयीची, जिला आता जायला जागा नव्हती. मी कार्ड उचललं आणि काळजीच्या मागं ठेवलं. तुमचं बरोबर होतं, ताई. आणि माझं चुकलं होतं, कार्डं हलवली तेव्हाही आणि त्यानंतरचे अकरा दिवसही. हे तोंडावर म्हणायला हवं होतं. तुम्ही पुढचं वाच म्हणालात तरी म्हणायला हवं होतं.

तीनशे सत्त्याण्णवपैकी तीनशे एक्याण्णव कार्डं लागली. सहांची जागा मला आणि क्रिस्तिनाबाईंना सापडली नाही. ती कुठंतरी दडपून न घालता शेवटी वेगळी छापली आहेत, आणि वर स्पष्ट लिहिलंय की क्रम बिघडला तो टायपिस्टच्या चुकीमुळं, लेखिकेच्या नव्हे. दोनशे बारा पानं झाली. तीन प्रती बांधून घेतल्या. एक नाशिकला गेली, एक क्रिस्तिनाबाईंकडं आहे. तिसरी तुमच्या लायब्ररीनं घेतली, आणि गेल्या सोमवारी कॅटलॉगमध्ये तिची नोंद झाली. लेखकाच्या रकान्यात तुमचं नाव आहे.